हरल्यानंतरची पहिली पाच मिनिटं



मागच्या वर्षी तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत आमच्या मुली अंतिम सामन्यात एका गुणाने हरल्या. शेवटच्या पाळीत आमच्या मुली आक्रमक होत्या. बरोबरीसाठी एकच गडी हवा होता आणि वेळ संपत आली होती. आमच्या कर्णधार मुलीने खांबाजवळ सूर मारला. हात लागला असं तिला वाटलं. पंचांनी नाही म्हटलं. शिट्टी वाजली, समोरच्या मुली नाचायला लागल्या आणि ही तिथेच खांबाशी धुळीत बसून राहिली.

मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "ऊठ बरं. रडतेस काय? हार-जीत चालायचीच. जा, हात मिळव त्यांच्याशी." तिने हात मिळवला नाही. पाठ फिरवून ती सरळ गाडीत जाऊन बसली. मला राग आला. परतीच्या वाटेवर सगळ्या मुलींसमोर मी तिला खिलाडूवृत्तीवर चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला यायची बंद झाली.

'खेळामुळे खिलाडूवृत्ती वाढीस लागते' हे वाक्य आपली मुलं 'खेळाचे महत्त्व' या निबंधात पाठ असल्यासारखं लिहितात. आपणही त्याला बरोबरची खूण करतो. पण ही वृत्ती म्हणजे नेमकं काय करायचं, कधी करायचं, हे मी त्या मुलीला आधी कधीच शिकवलं नव्हतं. सूर मारायला शिकवलं, खो द्यायला शिकवलं, खांबावर वळायला शिकवलं. हरल्यावर काय करायचं ते मात्र तिने आपोआप करावं अशी माझी अपेक्षा होती. ते जमलं नाही म्हणून मी तिच्यावर रागावले. न शिकवलेल्या धड्यावर परीक्षा घेण्यासारखंच झालं हे.

त्यानंतर सातवीच्या वर्गात मी दोन तासिका घेऊन एक पाठ करून पाहिला. तो इथे सांगते. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

लोकवर्गणीतून मिळालेला एक टीव्ही आमच्या शाळेत आहे. त्यावर मी मोठ्या सामन्यांचे शेवटचे काही क्षण दाखवले, आवाज बंद करून. मुलांना एकच अट घातली: विजेत्याकडे बघायचं नाही, फक्त हरलेल्याकडे बघायचं. वहीत दोन रकाने करायचे. एकात त्याचं शरीर काय करतंय ते लिहायचं, दुसऱ्यात तो पुढे कुठे जातोय ते. हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का. कॅमेरा जिंकलेल्याच्या मागे धावतो आणि हरलेला माणूस पडद्याच्या कोपऱ्यात कुठेतरी असतो. पहिल्यांदा मुलांना तो सापडतच नाही. "बाई, दिसत नाही," असं चारपाच जण म्हणाले, तेव्हा मला वाटलं की धडा सुरू झाला.

पहिला सामना होता पी. व्ही. सिंधूचा. १९ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी, समोर स्पेनची कॅरोलिना मारिन. सिंधू तेव्हा एकवीस वर्षांची. पहिल्या गेममध्ये ती १६-१९ अशी मागे होती. तिथून सलग पाच गुण घेऊन तिने तो गेम २१-१९ असा जिंकला. पुढचे दोन गेम मारिनने २१-१२, २१-१५ असे घेतले. शेवटचा गुण मिळताच मारिन कोर्टवर पालथी पडून रडायला लागली. जिंकलेली रडतेय, आणि हरलेली? ती जाळी ओलांडून पलीकडे गेली, मारिनला उठवलं, मिठी मारली. मग कोर्टवर पडलेली मारिनची रॅकेट उचलून तिच्या सामानाजवळ नेऊन ठेवली.

रॅकेटवर आमचा वर्ग थांबला. एका मुलाने विचारलं, "बाई, तिची रॅकेट हिनं का उचलली? ती काय हिची मैत्रीण आहे का?" मी उलट विचारलं, "तुला काय वाटतं?" तो जरा वेळाने म्हणाला, "खाली पडली होती म्हणून." मला वाटतं याहून चांगलं उत्तर मी देऊ शकले नसते. रॅकेट जमिनीवर पडू देऊ नये ही वर्षानुवर्षांची सवय. मन कुठेही असो, हात आपलं काम करतो.

मला सांगायचंय ते नेमकं हेच. त्या क्षणी सिंधूच्या मनात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही आणि तिच्या मनात मारिनविषयी प्रेम दाटून आलं होतं असं मुलांना सांगायचीही गरज नाही. ऑलिंपिकचं सुवर्ण हातातून गेलेलं असताना कुणाचंही मन मोठंबिठं होत नसतं. पण जाळीपर्यंत चालत जायचं, हात पुढे करायचा, हे शरीराला इतकं सवयीचं असतं की मन तयार व्हायच्या आधी ते होऊन जातं. मनातली भावना मागून येते, कधी कधी खूप उशिरा येते. म्हणूनच ती येण्याची वाट न बघता आधी कृती शिकवायला हवी. आपण बरोबर उलटं करतो. 'मन मोठं ठेव' म्हणतो. ते कसं ठेवायचं हे काही सांगत नाही.

दुसरी चित्रफीत मी मुद्दाम वेगळी निवडली होती. नॉर्वे चेस स्पर्धा, जून २०२५ ची सुरुवात. आपला गुकेश आणि मॅग्नस कार्लसन. याच स्पर्धेच्या पहिल्या फेरीत कार्लसनने गुकेशला हरवलं होतं. सहाव्या फेरीत कार्लसनचा डाव जिंकत आलेला होता, पण घड्याळातला वेळ कमी उरला, चूक झाली आणि गुकेशने तो डाव फिरवला. क्लासिकल प्रकारात गुकेशचा कार्लसनवर हा पहिलाच विजय. कार्लसनने जोरात टेबलावर मूठ आपटली. सोंगट्या उडाल्या.

वर्गात हशा पिकला. "बाई, हा तर आपल्यासारखाच आहे!" मग मी पुढचं बघायला सांगितलं. मूठ आपटल्यावर त्याने हात पुढे केला. सोंगट्या उडवल्याबद्दल लगेच माफी मागितली. जाता जाता गुकेशच्या पाठीवर थाप मारली. आणि गुकेश? त्याने उड्या मारल्या नाहीत. तो उठून बाजूला गेला, जे झालं त्यावर त्याचाच विश्वास बसत नसावा असा चेहरा होता. नंतर तो म्हणाला की टेबलं मीही बरीच आपटली आहेत.

कार्लसनची मूठ बरोबर होती का, यावर वर्गात दोन तट पडले. एका मुलीचं म्हणणं, एवढा मोठा खेळाडू, त्याला शोभत नाही. दुसरीचं म्हणणं, त्याने टेबलाला मारलं, माणसाला नाही, आणि सॉरी पण म्हणाला. मी निकाल दिला नाही. माझं स्वतःचं मत दुसरीच्या बाजूचं आहे, पण थोडंसंच. कारण अशी मूठ कधी कुणाला लागेल याचा नेम नसतो. २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये नोव्हाक जोकोविचने वैतागून मागे मारलेला चेंडू रेषेवरच्या पंच बाईंच्या गळ्याला लागला. त्याला कुणाला मारायचं नव्हतंच, तरी त्याला स्पर्धेतून बाद केलं गेलं. मोठे खेळाडू काही संत नसतात. मुलांना हे कळलेलं बरं, नाहीतर 'ते थोर, आपण सामान्य' म्हणून विषयच संपतो.

बुद्धिबळाची एक गोष्ट मला फार आवडते. हरलेल्या खेळाडूला हार स्वतः मान्य करावी लागते. राजावर शह-मात होईपर्यंत मोठे खेळाडू सहसा थांबत नाहीत. डाव गेला हे कळलं की तो स्वतः हात पुढे करतो. शिट्टी मारायला, बोट वर करायला पंच नाही. 'मी हरलो' हे आपल्याच हाताने सांगायचं. आणि त्यानंतर पुष्कळदा ते दोघं तिथेच बसून, किंवा बाजूच्या खोलीत, डाव पुन्हा मांडून बघतात. इथे मी घोडा हलवला असता तर? मग मी हत्ती असा आणला असता. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचा राजा मारायला निघालेले दोघं एकाच पटावर डोकं घालून बसलेले असतात. खेळाडू याला गमतीने पोस्टमॉर्टेम म्हणतात. आमच्या खो-खोच्या मैदानावर असं काही का नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आता पंचांचा विषय. कारण आमच्या गावात त्या सामन्यानंतर आठवडाभर एकच चर्चा होती, 'पंचांनी हरवलं'. पालकही तेच म्हणत होते. खरं सांगायचं तर हात लागला होता की नव्हता हे मलाही दिसलं नव्हतं. मी पलीकडच्या बाजूला उभी होते.

यासाठी मी मुलांना १४ जुलै २०१९ च्या लॉर्ड्सवर नेलं. क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड. (हा तोच न्यूझीलंड संघ, ज्याने चारच दिवस आधी उपांत्य फेरीत भारताला १८ धावांनी घरी पाठवलं होतं. त्यामुळे वर्गातल्या अर्ध्या पोरांना तो हरल्याचा आनंदच होता!) न्यूझीलंडच्या २४१ धावा. इंग्लंडला शेवटच्या षटकात १५ हव्या होत्या. त्या षटकात दुसरी धाव घेताना बेन स्टोक्सने सूर मारला आणि गप्टिलने फेकलेला चेंडू त्याच्या बॅटला लागून थेट सीमेपार गेला. स्टोक्सने दोन्ही हात वर करून माफी मागितली. पंचांनी सहा धावा दिल्या. नियम काटेकोर लावला असता तर पाचच मिळायला हव्या होत्या, कारण चेंडू फेकला तेव्हा दुसऱ्या धावेसाठी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेलं नव्हतं. पंच धर्मसेना यांनीही ही चूक नंतर मान्य केली.

सामना बरोबरीत सुटला, २४१-२४१. सुपर ओव्हर झाली, तीही १५-१५. मग बघितलं काय, तर चौकार-षटकार कुणाचे जास्त. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. विश्वचषक इंग्लंडचा.

मी मुलांना विचारलं, न्यूझीलंडचा कर्णधार केन विल्यमसनला तक्रार करायला जागा होती की नाही? सगळे म्हणाले, होती. खूप होती. जगातल्या कुठल्याही कर्णधाराला नसेल एवढी होती. त्याने काय केलं? हात मिळवले. मालिकावीराचा पुरस्कार घ्यायला गेला, तो घेतला. पत्रकारांनी खोदून खोदून विचारलं, तर त्याने ना पंचांवर ढकललं ना नियमावर. दोन्ही संघांत फरक काहीच नव्हता, पण विजेता एकच ठरतो, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. त्या सामन्यातल्या वागणुकीसाठी एमसीसीने त्या वर्षीचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार न्यूझीलंड संघाला दिला.

इथे एका हुशार मुलाने मला अडवलं. "मग बाई, अन्याय झाला तरी गप्पच बसायचं का?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि शिक्षकांनी तो टाळू नये. गप्प बसायचं असं नाही. चौकार मोजण्याचा तो नियम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने काढून टाकला. म्हणजे दाद लागली. पण ती नंतर, बैठकीत, कागदावर लागली, मैदानावर त्या पाच मिनिटांत नाही. आपल्याकडेही स्पर्धेच्या नियमांत तक्रार नोंदवायची सोय असते, संघ व्यवस्थापकाने ती लेखी द्यायची असते. ते काम माझं होतं, त्या मुलीचं नव्हतं. मला शंका होती तर मी तक्रार द्यायला हवी होती. नव्हती, तर गावात चाललेल्या चर्चेला मी तिथेच थांबवायला हवं होतं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

आता रडण्याविषयी. हा भाग पालकांनी जरूर वाचावा. मुलगा हरून घरी आला आणि रडायला लागला की आपण म्हणतो, "पोरीसारखा काय रडतोस?" मुलगी रडली की म्हणतो, "एवढ्या तेवढ्याला डोळ्यांत पाणी!" म्हणजे कुणीच रडायचं नाही.

१ फेब्रुवारी २००९. ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी. रॉजर फेडरर पाच सेटमध्ये राफेल नदालकडून हरला. ती जिंकला असता तर पीट सॅम्प्रासच्या १४ ग्रँड स्लॅमची बरोबरी झाली असती. बक्षीस समारंभात तो माइकसमोर आला आणि त्याला बोलवेचना. हजारो लोकांसमोर, टीव्हीवर, सत्तावीस वर्षांचा तो माणूस हमसून हमसून रडला. बाजूला झाला. नदालने येऊन त्याच्या गळ्यात हात टाकला. मग फेडरर परत माइकवर आला आणि नदालचं कौतुक करून दोन वाक्यं बोलला. वर्गात हे बघताना इतकी शांतता होती की बाहेर पोषण आहाराची भांडी वाजत होती ती ऐकू येत होती.

तो रडला म्हणून त्याची खिलाडूवृत्ती कमी झाली का? मुलांनी एकमताने नाही म्हटलं. एक जण म्हणाला, "रडला पण परत आला." त्याच वर्षी जूनमध्ये त्याने फ्रेंच ओपन जिंकली, सॅम्प्रासची बरोबरी केली. जुलैमध्ये विम्बल्डन जिंकून तो पुढेही गेला. आणि गंमत बघा, हाच फेडरर लहानपणी भयंकर तापट होता. रॅकेटी आपटायचा. त्याचं ते शांत रूप जन्मजात नव्हतं, त्याने ते घडवलं होतं. हे ऐकून आमच्या वर्गातल्या दोनतीन तापट मंडळींना फार बरं वाटलं.

या पाठाची माहिती पालकसभेत दिली, तेव्हा एका वडिलांनी आक्षेप घेतला. ते स्वतः तरुणपणी कुस्ती खेळलेले. म्हणाले, "बाई, हे हात मिळवणं वगैरे ठीक आहे. पण पोराला हरल्याचं काही वाटलंच नाही तर ते जिंकणार कसं? गोड बोलून बोलून पोरं मऊ होतील." त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. हरल्याचं दुःख व्हायलाच हवं. किंबहुना 'हार-जीत चालायचीच' हे आपलं वाक्य त्या दुःखाचाच अपमान करतं. वर्षभर पहाटे उठून पळालेल्या मुलीला आपण सांगतो की जे झालं त्यात विशेष काही नाही. तिला वाटतं, मग मी पळत कशासाठी होते?

दुःख कुठे न्यायचं एवढाच प्रश्न आहे. खाशाबा जाधव यांचं नाव मी त्या सभेत घेतलं, कारण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कुस्तीवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाहीत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत घडलेला मल्ल, आणि तिथे कुस्ती मॅटवरची. परत आले ते त्याच कामाला लागले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला वरच्या वजनगटात कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, आपण राज्य क्रीडा दिन साजरा करतो. सहाव्या क्रमांकाचं दुःख त्यांना झालं नसेल असं कोण म्हणेल? ते वडील यावर हसले आणि म्हणाले, "ते खरंय."

सिंधूचंही पुढचं बघा. रिओनंतर २०१७ ची जागतिक स्पर्धा, ग्लासगो. अंतिम फेरीत नोझोमी ओकुहाराशी ११० मिनिटं झुंज. दुसरा गेम संपवणारी रॅली तब्बल ७३ फटक्यांची, ती सिंधूने जिंकली, पण तिसरा गेम २०-२२ ने गेला. २०१८ मध्ये पुन्हा जागतिक अंतिम फेरी, पुन्हा मारिन, पुन्हा हार. त्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धेतही अंतिम फेरीत हार. 'फायनलमध्ये हिला काय होतं?' असं घराघरांत लोक विचारत होते, आपणही त्यात होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये बासेलला ती पुन्हा जागतिक अंतिम फेरीत पोचली. समोर तीच ओकुहारा. ३८ मिनिटांत २१-७, २१-७. जगज्जेती.

अर्थात, प्रत्येक हारेनंतर असा विजय येतोच असं मुलांना कृपया सांगू नका. येत नाही. विल्यमसनला तो विश्वचषक कधीच परत मिळणार नाही. आमच्या मुलींना ते तालुक्याचं अजिंक्यपद मिळणार नाही. चांगलं वागलं की पुढच्या वेळी बक्षीस मिळतं हा सौदा मुलांच्या लवकर लक्षात येतो आणि मग एकदा बक्षीस नाही मिळालं की ती चांगलं वागणंही सोडतात.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक उदाहरण देऊन ठेवते. फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशेब मांडला. कारकिर्दीत एकेरीचे १५२६ सामने खेळला, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकला. पण सगळ्या सामन्यांत मिळून गुण किती टक्के जिंकले? फक्त ५४. मी मुलांना शेकडेवारीत हे करायला दिलं. शंभर गुण खेळले तर ४६ वेळा तो हरला. जगातला सर्वोत्तम खेळाडू जवळजवळ दर दुसऱ्या गुणाला हरत होता. आमच्या मुलांनी मग आपल्या खो-खोच्या सरावाची नोंद ठेवायला घेतली, किती वेळा गडी पकडायला गेलो आणि किती वेळा हाताला लागला. आकडे बघून पोरं स्वतःच चकित झाली. हुकणंच जास्त होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण लगेच पुढचा खो मिळत होता.

सरावात आता आम्ही एक बदल केला आहे. रोजचा सराव सामना संपला की दोन्ही गट रांगेत येऊन हात मिळवतात. रोज. जिंकलेला गट आधी हात पुढे करतो, नाचायचं ते नंतर. तालुक्याच्या स्पर्धेत बऱ्याचदा हे राहूनच जातं, कारण पुढचा सामना लावायची घाई असते, गाडीवाला हॉर्न मारत असतो. म्हणून सवय आपल्याच मैदानावर लागलेली बरी. मग पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मी तर मुळीच नाही. पाणी प्यायचं, बसायचं, रडायचं असेल तर रडायचं. चर्चा दुसऱ्या दिवशी, मैदानावर, बुद्धिबळवाल्यांसारखी, शक्य झालं तर समोरच्या गटाला सोबत घेऊन. पहिल्या आठवड्यात मुलं हसायची, हात नुसते टेकवून पळायची. तिसऱ्या आठवड्यापासून कुणी आठवण करून द्यावी लागली नाही.

पालकांना एवढंच सांगितलं आहे की गाडीतून उतरल्या उतरल्या 'किती गुणांनी?' आणि 'चूक कुणाची?' हे दोन प्रश्न विचारू नका. जेवण वाढा. बोलायचं असेल तर मूल बोलेल.

पाठाच्या शेवटी मी सगळ्यांना एका कागदावर लिहायला दिलं: 'मी हरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत माझ्या बाईंनी काय करावं?' नाव लिहायची सक्ती नव्हती. 'जवळ बसावं पण बोलू नये.' 'मला हसवू नये.' 'माझ्या पप्पांना फोन करू नये.' 'दुसऱ्या टीमचं कौतुक लगेच करू नये, नंतर करावं.' एकाने लिहिलं, 'वडापाव.'

ती कर्णधार मुलगी याच वर्गात आहे. सरावाला ती अजून खेळायला येत नाही, पण गेल्या दोन आठवड्यांपासून मैदानाच्या कडेला बसून हुकलेल्या गड्यांची नोंद तीच ठेवते, आणि फार काटेकोर ठेवते. तिने कागदावर नाव लिहिलं होतं. खाली एकच ओळ होती: 'बाई, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना पाणी दिलं, मला दिलं नव्हतं.'

मला ते आठवतच नव्हतं.